पुढचे हळू खेळतात

हौशी गोल्फ स्पर्धेत कोणीच हळू खेळत नाही. हळू खेळतात ते पुढचे. पुढच्यांना विचारावं, तर ते त्यांच्या पुढच्यांकडे बोट दाखवतात. असं विचारत विचारत अगदी पहिल्या चौकडीपर्यंत, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या पहिल्या चौघांपर्यंत, गेलात, तर ती निरागसपणे म्हणते, "आमच्यापुढे तर कोणीच नव्हतं!" म्हणजे घाई कशासाठी करायची, हा त्यांचा प्रश्न.

हे मला सांगता येतं, कारण अशा स्पर्धांत मी मार्शल असतो, म्हणजे खेळ रेंगाळू नये हे बघणारा. मार्शलला बॅटरीवरची गाडी मिळते, वॉकी-टॉकी मिळतो आणि घड्याळ मिळतं. अधिकार तेवढे मिळत नाहीत. मी जाऊन अदबीनं म्हणतो, "साहेब, तुमच्यापुढे एक अख्खा होल रिकामा पडलाय." (होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतचा सगळा पट्टा.) साहेब मागे वळून पाहतात. "पण मागे तर कोणी थांबलेलं नाही." आपली जागा पुढच्या चौकडीच्या मागे असते, मागच्या चौकडीच्या पुढे नव्हे, हे मी आजवर ज्यांना ज्यांना समजावलं, त्या सगळ्यांनी मान डोलावली आणि मग सावकाश ग्लोव्ह काढला.

ग्लोव्हवरून आठवलं. एका गृहस्थांचा फटका बघण्यासारखा असतो. म्हणजे फटक्याआधीचा भाग. ते चेंडूमागे उभे राहून दूरवर पाहतात. चिमूटभर गवत उपटून हवेत सोडतात. गवत पायाशीच पडतं, तरी वाऱ्याबद्दल बॅग वाहणाऱ्या कॅडीशी सल्लामसलत होते. सात नंबरची लोखंडी काठी बाहेर येते, परत जाते, सहा नंबरची येते, तीही जाते, शेवटी सातच येते. सरावाचे तीन फटके हवेत होतात आणि ते तिन्ही इतके देखणे असतात की तेच मोजावेत. मग ग्लोव्हचा पट्टा सोडून पुन्हा आवळणं. चेंडूपाशी उभं राहणं. कुठेतरी पाखरू ओरडल्यामुळे बाजूला होणं. पुन्हा चेंडूमागे, पुन्हा दूरवर नजर. एवढं सगळं झाल्यावर चेंडू वीसेक यार्ड सरपटतो, आणि गृहस्थ पुन्हा खाली वाकतात. गवतासाठी.

आता थोडा हिशेब. चौघे खेळाडू, प्रत्येकाचे 90 फटके धरा (धरायला काय जातं!), म्हणजे एकूण 360. प्रत्येक फटक्याला दहाच सेकंद जास्त लागली, तर 3,600 सेकंद होतात. पूर्ण एक तास, नुसत्या गवतात गेला! नियमांची शिफारस अशी की अडथळा नसेल तर फटका 40 सेकंदांत मारावा, खरं तर त्याहूनही लवकर. पण 360 फटक्यांना प्रत्येकी 40 सेकंद धरली तर तेवढ्यातच चार तास होतात, आणि चालणं अजून बाकीच आहे. म्हणूनच 2019 च्या नियमांनी 'रेडी गोल्फ'ला उघड प्रोत्साहन दिलं. लांबचा आधी, जवळचा नंतर, हा मान स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या खेळात, सोडायला हरकत नाही. जो तयार आहे त्यानं मारावं, पाळी चुकली म्हणून दंड नाही. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात चौघेही भले लोक. "तुम्ही मारा." "छे, छे, तुमचा लांब आहे." "अहो, पण तुम्ही तयार आहात ना?" "मी? मी अजून अंतरच नाही बघितलं."

त्याच वर्षी हरवलेला चेंडू शोधायची मुदत पाच मिनिटांवरून तीनवर आली. ही तीन मिनिटं शोध सुरू झाल्यापासून मोजायची असतात, त्यामुळे झुडपापर्यंतची चाल भलतीच संथ होते. मग चौघे मिळून रफ, म्हणजे कडेचं उंच गवत, ढवळतात. मुदत संपल्याचं मी सांगितलं की कोणीतरी म्हणतं, "एकच मिनिट, नवा चेंडू होता." प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला हरवला तर असू द्यावा म्हणून राखीव चेंडू, मारला होता का, असं विचारल्यावर जी शांतता पसरते ती ऐकली की मी गाडीत जाऊन बसतो. कारण आता साहेब टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, परत निघणार, आणि टीवर मागची चौकडी हाताची घडी घालून उभी असणार. स्थानिक नियम करून, दोन फटक्यांच्या दंडानं पुढेच चेंडू टाकायची मुभा स्पर्धेच्या कमिटीला खेळाडूंना देता येते. आमच्या कमिटीच्या मते ती मुभा 'खेळाच्या प्रतिष्ठेला' शोभत नाही.

खरं तर माझा राग खेळाडूंपेक्षा या कमिटीवर जास्त आहे. दर आठ मिनिटांनी एक चौकडी सोडायची, कारण प्रवेशिका भरपूर आल्यात. पुढे एक पार-थ्री (तीन फटक्यांत संपावा असा छोटा होल) आहे, तो रिकामा व्हायला चौकडीला अकरा मिनिटं लागतात. प्रत्येक चौकडीमागे तीन मिनिटं तुंबतात. दहावी चौकडी तिथे येते तेव्हा सत्तावीस मिनिटांची रांग आयती तयार असते. त्या चौघांनी धावत येऊन डोळे मिटून फटके मारले, तरी रांग तेवढीच. यादी टाइप झाली त्या रात्रीच उशीर झालेला असतो. सकाळी तो हुडकायला मला गाडी देतात. दोन चौकड्यांमधलं अंतर वाढवा आणि खेळाडू कमी घ्या, असं मी बैठकीत सुचवलं. "बघू" असं उत्तर मिळालं आणि चहा आला.

औषध नाही असं नाही. एकूण फटक्यांऐवजी दर होलला गुण देणारी स्टेबलफर्ड पद्धत 1932 पासून आहे. ज्यांच्या नावानं ती ओळखली जाते ते डॉक्टर फ्रँक स्टेबलफर्ड पेशानं सर्जन. सडका भाग कापून टाकायची सोय त्यांनी करून ठेवली. गुण मिळायची शक्यता संपली की चेंडू उचला आणि चालू लागा. पण उचलतो कोण? शून्य गुण नक्की झाल्यावरही मंडळी नवव्या फटक्यासाठी ग्रीनच्या, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक गवताच्या, चारी बाजूंनी उतार न्याहाळतात. "होल पूर्ण केल्याशिवाय बरं वाटत नाही हो."

राहता राहिला दंड. विनाकारण वेळ काढला तर पहिल्यांदा एक फटका, दुसऱ्यांदा दोन, तिसऱ्यांदा थेट बाद. पण 118 फटके मारणाऱ्याला 119 व्याची भीती ती काय दाखवायची?

तरी एकदा हिय्या करून मी त्या गवतवाल्या गृहस्थांना एक फटका ठोठावला. ते जराही चिडले नाहीत. त्यांनी बॅगेतून नियमांची पुस्तिका काढली. मग चष्मा शोधला, आधी खिशात पाहिला आणि शेवटी तो टोपीवर सापडला. बाकीचे तिघे भोवती जमले. कलम मोठ्यानं वाचलं गेलं, 'विनाकारण' म्हणजे नेमकं काय यावर दोन तट पडले, कॅडीचंही मत घेतलं गेलं. एव्हाना मागे दोन चौकड्या येऊन थांबल्या होत्या. त्यांच्यातल्या एकानं हात उंचावून हाक मारली, "अहो मार्शल, तुमची गाडी जरा बाजूला घ्या, खेळ अडलाय!"