साडेअकराचा ताप

सकाळी पावणेआठला माझ्या पाळणाघराच्या दारात आलेल्या मुलाच्या तोंडाला स्ट्रॉबेरीचा वास आला, की मी त्याचं दप्तर आत घेत नाही. फोंड्यात सकाळी सातला कोणी स्ट्रॉबेरी खात नाही. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीत उंडे असतात, काकणं असतात. स्ट्रॉबेरी असते ती पॅरासिटामॉलच्या सिरपात.

हिशेब सरळ आहे. सातला चमचा पोटात गेला की अर्ध्या-पाऊण तासात ताप उतरायला लागतो. पावणेआठला पोरगं दारात उड्या मारतं आणि आईबाबा पणजीची बस गाठायला पळतात. औषधाचा अंमल चार ते सहा तास. म्हणजे साडेअकराच्या सुमाराला, नेमकं मी भाताचं पातेलं उतरवत असताना, तेच पोरगं खेळ सोडून भिंतीला टेकतं. हातात गाडी असते, पण ती चालत नसते. पाळणाघरवालीला थर्मामीटर नंतर लागतो, आधी ती थांबलेली गाडी दिसते.

खोटं कोणी बोलत नाही, शब्द तेवढे जपून वापरतात. "रातीं मातशें हून आशिल्लें", रात्री जरासं कढत होतं, म्हणजे १०२. "दात येतायत" म्हणजे १०१. दाताने लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, पोर रात्रभर किरकिरतं, सगळं मान्य. पण ३८ सेल्सिअसच्या वरचा ताप दाताच्या खात्यावर टाकता येत नाही. "एकदाच पातळ झाली" म्हणजे घरून निघेपर्यंत एकदा, दुसरी स्कूटरवर. आणि "डास चावलेत" असं ऐकलं की मी आधी तळहात उलटून बघते. दोन वर्षांचं मूल डासाला तळहात देण्याइतकं स्थिर कधी बसतं?

थर्मामीटर डिजिटल आणि काखेतला. कपाळाला रोखायचं पिस्तूल दिमाखदार दिसतं, पण मे महिन्यात उन्हातून स्कूटरवर आलेल्या धडधाकट मुलाला ते आजारी ठरवतं आणि जुलैत भिजून आलेल्या तापकऱ्याला तंदुरुस्त. तेच वापरायचं तर मुलाला पंधरा मिनिटं घरात बसू द्यावं, कपाळ पुसावं, मग रोखावं. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक डिग्री फॅरनहाइट कमी येतो, म्हणून "शंभर तर आहे" यावर मी वाद घालत नाही, दहा मिनिटांनी पुन्हा लावते. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ते ३८, ही माझी वेस. मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तर तेवढ्यावरच डॉक्टर, थांबून बघणं नाही.

औषध मी माझ्या मनाने देत नाही. त्याचं कारण बाटल्यांमध्ये आहे. एका सिरपात ५ मिलीला १२५ मिलिग्रॅम, शेजारच्या तशाच गुलाबी बाटलीत ५ मिलीला २५०, आणि तान्ह्यांच्या थेंबांत एका मिलीलाच १००. चमचा तोच, डोस दुप्पट किंवा चौपट. पालकांनी वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून आणलेली चिठ्ठी आणि सकाळचा डोस कितीला दिला ती वेळ, दोन्ही हवीत. दुसरी माहिती मिळवायला पोलीस खात्यातला अनुभव असलेला बरा.

मग फोन. आई पणजीत मीटिंगमध्ये. बाबा वेर्ण्याच्या कारखान्यात, तिथे फोन लॉकरात. तिसरा नंबर डिचोलीच्या आजीचा, आणि दर वेळी येते ती आजीच. बस बदलून, पिशवीत पेजेचा डबा घेऊन. तोवर रुग्ण स्वयंपाकघराच्या दाराशी, माझ्या नजरेत, वेगळ्या गादीवर, वेगळ्या पेल्यासकट. दोन खोल्यांच्या घरातलं विलगीकरण ते एवढंच. अडचण अशी की त्याला मांडी मिळते, डोक्यावर हात मिळतो, वर ओलं फडकं मिळतं. मग उरलेल्या सातांपैकी चौघांना पाच मिनिटांत ताप येतो. थर्मामीटर सगळ्यांना लावावा लागतो. ज्यांना खरा नसतो ते आकडा मोठ्याने विचारतात.

भांडायचंच असेल तर मी एकाच नियमासाठी भांडते: औषधाशिवाय सलग २४ तास ताप नको, मगच परत. लोक हे साडेअकरापासून दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठपर्यंत मोजतात. ते सव्वावीस तास होतात, आणि त्यात रात्रीचे दोन चमचे असतात. घड्याळ शेवटच्या तापापासून सुरू होतं, आणि औषध घेतलेले तास त्यात धरायचे नाहीत. आज ताप म्हणजे उद्याची सुट्टी, निदान. बाकी सगळं साबणावर निभावतं.

वाहत्या नाकाला मी घरी पाठवत नाही. जून ते सप्टेंबर गोव्यात नाक वाहतच असतं, तेवढ्यासाठी पाठवायचं तर पाळणाघराला कुलूप घालून मी काजू सोलायला बसावं. शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिकही लागत नाही. सर्दी चार दिवस जुनी झाली की तो तसाही रंग बदलतो. उवांसाठीही नाही. दिवस पुरा करायचा, संध्याकाळी आईच्या कानात हळूच सांगायचं, आणि लिखांतून निघणाऱ्या नव्या पिल्लांसाठी सात ते नऊ दिवसांनी औषध पुन्हा लावायला सांगायचं. हा दुसरा हात सगळे विसरतात आणि मग पाळणाघराला नावं ठेवतात.

खरा कस लागतो तो हात-पाय-तोंड या आजारात. नाव घेतलं की एखादे आजोबा हमखास विचारतात, "म्हणजे लाळ्या खुरकूत?" नव्हे. गुरांचा तो आजार वेगळा, विषाणू वेगळा, गोठ्याचा इथे संबंध नाही. पण आजोबांची नजर बरोबर जागी असते. पुरळाच्या आधी लाळच दिसते. हुमण-भात चाटूनपुसून खाणारं मूल अचानक ताटाकडे पाठ करतं आणि बनियन छातीवर भिजायला लागतं. टॉर्च लावून बघितलं की टाळ्यावर, जिभेच्या कडेला लालसर व्रण. तळहात, तळपाय, गुडघे, ढुंगण हे नंतर, एक-दोन दिवसांनी. अशा तोंडाला सोलकढी म्हणजे छळ. आंबट, खारट, तिखट सगळं झोंबतं. गार केलेली पेज, दहीभात, गार पाण्याचे घोट. त्याने खाल्लं नाही तरी चालेल, प्यायला हवं. सहा-आठ तास लघवी झाली नाही तर आजीची वाट न बघता डॉक्टर.

इथे सॅनिटायझरचा दरवाजावरचा तो पंप शोभेचा ठरतो. या विषाणूला चरबीचं वेष्टण नसतं आणि अल्कोहोलची मेहनत मुख्यतः त्या वेष्टणावर असते. रोटा आणि नोरो हे जुलाब-उलटीवाले विषाणूही असेच बिनवेष्टणाचे. साबण लावून वीस सेकंद चोळलं आणि वाहत्या पाण्याखाली धरलं की ते मरोत न मरोत, मोरीत जातात. वीस सेकंद म्हणजे मुलांच्या हिशेबात गणपतीची अख्खी आरती, म्हणून मी "सुखकर्ता" म्हणते आणि दुसऱ्या ओळीपर्यंत नळ सोडत नाही. विषाणू विष्ठेतून कित्येक आठवडे येत राहतो, त्यामुळे "पूर्ण गेल्यावर पाठवा" याला अर्थ नाही. ताप गेला, लाळ थांबली, फोड सुकले, मूल जेवायला लागलं की यावं. आणि माझ्या बाजूने, प्रत्येक लंगोटानंतर मुलाचे हात, माझे हात, आणि बदलायची ती रेक्झिनची पट्टी, न चुकता. पालकांना एक आधीच सांगून ठेवते: महिना-दीड महिन्याने एखाद-दुसरं नख सुटून येईल, घाबरू नका, खालून नवं येतं. नाही सांगितलं तर रात्री दहाला नखाचा फोटो येतो.

उलटीचा प्रसंग मात्र कवायतीने करायचा. आधी बाकीची मुलं दुसऱ्या खोलीत. हातमोजे. वर कालचा पेपर पसरायचा आणि कडेकडून मधे गोळा करायचं, मधून कडेला नाही, नाहीतर तांदळाचं एक शीत कपाटाखाली जातं आणि आठवडाभर आपली आठवण करून देतं. मग साबणाचं पाणी. हायपोक्लोराइट, म्हणजे बाटलीतलं ब्लीच, त्यानंतर, कारण घाण तशीच असेल तर ते घाणीवरच खर्ची पडतं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर उलटी-जुलाबाच्या जागेला एक वाटी त्यात नऊ वाट्या पाणी. रोजच्या फरशीला, खेळण्यांना २० मिली आणि पाणी घालून एक लिटर. दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. लावलं आणि लगेच पुसलं तर नुसता वास विकत घेतला. खेळणी नंतर साध्या पाण्यातून काढायची, कारण ती परत तोंडातच जाणार. द्रावण रोज नवं. कालचं म्हणजे पाणी. आणि जोर यावा म्हणून त्यात संडास धुवायचं अॅसिड कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि मग जंतूंच्या आधी आपण खोकत बाहेर येतो.

खेळण्यांची दुसरी परडी ठेवावी: चाटलेल्यांची. तोंडात गेलं की परडीत, परडी भरली की टबात. माझ्याकडे ती दहा वाजताच भरते. कापडी अस्वलाला जूनमध्ये निरोप द्यायचा आणि दसऱ्याला परत बोलवायचं; इथल्या पावसात अस्वल वाळत नाही, त्याला बुरशी येते. गाद्यांना रेक्झिन, वर चादर, चादरी माणशी तीन, कारण एक अंगाखाली, एक दोरीवर, आणि एक कालपासून दोरीवर. गरम इस्त्री फिरवल्याशिवाय जुलैत कपडा सुका मानू नये.

कांजिण्यांचा घोर वेगळाच. पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्या लागतात, म्हणजे पहिला फोड मला दिसतो तेव्हा माझं पहारा देणं संपलेलं असतं. मग कॅलेंडर काढायचं. लागण झाल्यापासून १० ते २१ दिवसांत कधीही. आणि गोव्यात ऑगस्टात कॅलेंडर काढलं की पुढे चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, दिसतेच. सगळं कुटुंब मूळ घरी, पाच चुली एकत्र, गणपतीवर टांगलेल्या फळांच्या एका माटोळीखाली पंधरा पोरं. त्यात एखादी पोटुशी सून. तिला पूर्वी आल्या नसतील आणि लसही नसेल तर तिने लांब राहावं, हे मला आईपेक्षा सासूला सांगावं लागतं, कारण पाहुण्यांची यादी सासूकडे असते. सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या की मूल येऊ शकतं. खपल्या पडेपर्यंत थांबायची गरज नाही. आजी मात्र कडुलिंबाच्या पाण्याची आंघोळ झाल्याशिवाय पाठवत नाही. पाठवू नये. मला दोन दिवस जास्त मिळतात. अॅस्पिरिन तेवढं या तापात द्यायचं नाही, काही केल्या नाही.

तापात झटका आला तर विनोद बंद. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चमचा नाही, पाणी नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८. थांबला तरी डॉक्टर.

राहता राहिले मी. हात-पाय-तोंड मोठ्यांनाही होतो, उलट्या तर कोणालाही. दिवसाला आठ नाकं पुसणाऱ्या बाईला वर्षातून दोनदा तरी भिंतीला टेकून बसावंसं वाटतं. नियम सगळ्यांना एक, म्हणून रात्रीच गटावर लिहायचं: ताप आहे, उद्या पाळणाघर बंद, औषधाशिवाय २४ तास झाले की उघडेन. पहिलं उत्तर मिनिटाच्या आत येतं. काळजीचं असतं, खाली दोन हात जोडलेले असतात.

"काकू, सातला एक गोळी घेऊन बघा ना. साडेअकरापर्यंत तरी जमेल. तोवर आजी पोचतील डिचोलीहून."