काळ्या दरवाजापुढची लढाई म्हणजे हिटलरचा पराभव नव्हे

दिवाळी जवळ आली, आमच्या गोव्यात वाड्यावाड्यावर नरकासुराचे सांगाडे उभे राहायला लागले आणि तेवढ्यात आमच्या पोरांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागला. तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा शेवटचा सिनेमा 'द रिटर्न ऑफ द किंग', त्यातली शेवटची लढाई, ती काळ्या दरवाजापुढची, म्हणजे दुसरं महायुद्ध. त्यातला दुष्ट सत्ताधीश सॉरॉन म्हणजे हिटलर, त्याची जादूची अंगठी म्हणजे अणुबॉम्ब, शेवटी मदतीला येणारे गरुड म्हणजे अमेरिकेची विमानं, 'पश्चिमेची माणसं' म्हणजे गोरे लोक. आणि शेवटी आम्हा गोंयकारांसाठी म्हणून जोडलेलं वाक्य, राजा होणारा अरागॉर्न हा कृष्ण, सॉरॉन हा नरकासुर, तलवारीनं असुर मेला.

मला हा सिनेमा जवळजवळ पाठ आहे, पुस्तकही दोनदा वाचलंय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिलं, अंगठी म्हणजे अणुबॉम्ब. मूळ लेखक टॉल्किननं ही कादंबरी लिहायला घेतली १९३७ च्या डिसेंबरात. युरेनियमचा अणू फोडता येतो हेच मुळात शास्त्रज्ञांना कळलं १९३८ संपता संपता, आणि बॉम्ब पडला १९४५ ला. आता कोणी म्हणेल पुस्तक आलं १९५४-५५ मध्ये, मधे बदललं असेल. ठीक आहे, तारखा सोडा. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किननं स्वतःच याचं उत्तर दिलंय की बाबांनो, ही गोष्ट त्या युद्धावर बेतली असती तर अंगठी ताब्यात घेऊन सॉरॉनवरच चालवली असती, त्याला नष्ट न करता गुलाम केलं असतं. हे महत्त्वाचं आहे. बॉम्ब वापरला गेला, हिरोशिमा आणि नागासाकीवर. आणि इथे अंगठी वापरायचीच नाही, नष्ट करायची, हा अख्ख्या गोष्टीचा कणा आहे, सोबतचा योद्धा बोरोमीर त्याच मोहापायी घसरला, जादूगार गँडाल्फनं तर देऊ केली तरी ती स्वीकारली नाही. मग दोन्ही एकच कसं?

युद्धाची सावली पुस्तकावर नाही असं मी म्हणत नाही. पण ती आहे पहिल्या महायुद्धाची. टॉल्किन १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत होता, सिग्नलचा अधिकारी म्हणून, खंदकातल्या तापानं आजारी पडून परत आला. त्यानं एका पत्रात लिहिलंय की गोष्टीतली मेलेल्यांची दलदल आणि काळ्या दरवाजाकडे जाणारी वाट यांच्यात सॉमनंतरच्या उत्तर फ्रान्सचं थोडंफार काही आलंय. म्हणजे जमीन तिकडची. कथानकावर कुठल्याच युद्धाचा परिणाम नाही हेही त्याच पत्रात आहे. चिखल ओळखीचा असला म्हणून सॉरॉन हिटलर होत नाही.

गरुडांचं एका ओळीत संपतं. असेच गरुड टॉल्किनच्याच आधीच्या 'द हॉबिट'च्या शेवटच्या लढाईत येतात, ते पुस्तक १९३७ चं, आणि अमेरिका युद्धात उतरली १९४१ ला.

'पश्चिमेची माणसं' या मुद्द्यात मात्र थोडा दम आहे, हे मान्य करायला पाहिजे. अरागॉर्नच्या भाषणात ते शब्द आहेत, आणि दक्षिणेचे, पूर्वेचे लोक सॉरॉनच्या बाजूनं आहेत, हत्तीसारख्या प्राण्यांवर बसून येतात, हे बघताना आपल्याला खटकतं, मलाही खटकलं. पण पुस्तकात सॅम, म्हणजे अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोचा सोबती, त्या दक्षिणेच्या मेलेल्या सैनिकाकडे बघून विचार करतो की याचं नाव काय असेल, हा खरंच वाईट होता का, की खोटं सांगून, धमकावून याला घरापासून एवढ्या लांब आणलं. सिनेमात जवळजवळ तेच शब्द आदल्या भागाच्या एक्स्टेंडेड, म्हणजे वाढवलेल्या आवृत्तीत बोरोमीरचा भाऊ फारामीर याच्या तोंडी दिलेत. ज्याला फक्त गोरे विरुद्ध बाकीचे एवढंच दाखवायचं असतं तो शत्रूच्या प्रेताजवळ असा थांबत नाही.

आता नरकासुर. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण हेच वाक्य आमच्या पोरांना आवडलं. आपल्याकडे रात्रभर नाचवून पहाटे कृष्ण झालेला मुलगा पुढे येतो, असुर मरतो, जळतो. त्यात मारणारा समोर असतो. काळ्या दरवाजापुढे तसं काहीच होत नाही! अरागॉर्नकडे पुस्तकात जेमतेम सहा हजार माणसं, समोर दहापट आणि वर. ते जिंकायला गेलेलेच नाहीत, सॉरॉनचा डोळा आपल्याकडे वळावा आणि फ्रोडो-सॅमला अंगठी नष्ट करायला डोंगर चढता यावा एवढ्यासाठी मरायला उभे राहिलेत. दिग्दर्शक पीटर जॅक्सननं आधी सॉरॉनला देह देऊन अरागॉर्नशी त्याची मारामारी शूटसुद्धा केली होती, म्हणजे अगदी आपला नरकासुर वध. मग त्यालाच ते पटलं नाही आणि कॉम्प्युटरवर सॉरॉनच्या जागी चिलखत घातलेला ट्रोल, म्हणजे एक राक्षस, बसवला. या मेसेजला याहून चांगलं उत्तर मी देऊ शकत नाही, कारण दिग्दर्शकानं तो अर्थ हातात असताना टाकून दिला. सॉरॉनचा बुरूज कोसळायची वेळ येते तेव्हा अरागॉर्न त्या ट्रोलच्या पायाखाली आहे, जिंकत नाहीये.

एक ठिकाणी जॅक्सन चुकला असं माझं मत आहे. एक्स्टेंडेड आवृत्तीत अरागॉर्न सॉरॉनच्या दूताचं मुंडकं उडवतो. पुस्तकात तो दूत जिवंत परत जातो. दूताला मारू नये हे रावणाच्या सभेत बिभीषणानं सांगितलेलं आपण जत्रेतल्या नाटकांतून लहानपणापासून ऐकत आलोय, आणि राजा व्हायला निघालेला माणूसच ते मोडतो, हे बघवत नाही. तलवारीनं न्याय होतो असं म्हणणाऱ्यांना हाच सीन आवडतो.

अंगठी तर फ्रोडोनंही टाकली नाही, शेवटच्या क्षणी तो म्हणाला ही माझी. ती गेली गॉलममुळे, म्हणजे अंगठीच्या हव्यासानं त्यांच्या मागे लागलेल्या जीवामुळे, आणि गॉलम जिवंत होता कारण आधी फ्रोडोच्या आधी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोनं, मग फ्रोडोनं, मग सॅमनं त्याला दया दाखवून सोडलं होतं. प्रतीक शोधायचंच असेल तर इथे शोधा. म्हापशाच्या माझ्या एका ख्रिस्ती मैत्रिणीला मी सांगितलं की पुस्तकात हे घडतं २५ मार्चला, तर ती लगेच म्हणाली, अरे, देवदूतानं मारियेला निरोप दिला तो आमचा सण. टॉल्किन पक्का कॅथलिक, १९५३ च्या एका पत्रात त्यानं या कादंबरीला मुळातच कॅथलिक कृती म्हटलंय. सिनेमात ती तारीख कुठे येत नाही, पण दया मात्र तशीच राहिलीय.

तेव्हा पोरांनो, यंदा सॉरॉनचा नरकासुर करताय तर जरूर करा, डोळा छान पेटू दे. फक्त समोर तलवारवाला उभा करू नका. मागच्या बाजूला दोन लहान मूर्ती लावा, अनवाणी, एकानं दुसऱ्याला पाठीवर घेतलेलं, आणि त्यांच्या मागून चार पायांवर चढणारा तिसराही लावा.