पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो का?

बारावीच्या मुलांना धर्माचे तत्त्वज्ञान झेपत नाही, उगाच श्रद्धेला धक्का लागतो, असे परवा एका पालकांनी मला बजावले. खानदेशातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे हा विषय शिकवल्यामुळे मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते एका तासाच्या आधारे सांगतो.

देव न्यायी आणि दयाळू असेल तर जगात एवढी विषमता आणि एवढे दुःख का, हा त्या दिवशीचा प्रश्न होता. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तो स्पष्टपणे उपस्थित केला आहे आणि ईश्वर जीवांच्या कर्मानुसार फळ देतो, म्हणून त्याच्याकडे पक्षपात वा निर्दयपणा येत नाही, असे उत्तर दिले आहे. त्यावर शंकराचार्यांनी पावसाचा दृष्टान्त दिला: पाऊस सर्व पिकांना सारखाच, भात आणि जव वेगळे उगवतात ते आपापल्या बियाण्यामुळे. मी हे फळ्यावर लिहीत असतानाच मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, मग आमनाच वावरमा पाऊस का बरं नही पडना?" वर्ग हसला. पण त्या वर्षी तिच्या बांधापलीकडे पाऊस झाला होता आणि अलीकडे कपाशी करपली होती. दृष्टान्ताची नेमकी दुखरी नस तिने पकडली होती, आणि तीही कोणतेही पुस्तक न वाचता.

पाठोपाठ एका मुलाने विचारले की, पहिले बी कोणी पेरले? पुढच्याच सूत्रात हीच शंका घेऊन संसार अनादी असल्याचे उत्तर दिले आहे, हे दाखवल्यावर तो खूश झाला. उत्तरावर नव्हे, आपली शंका इतकी जुनी निघाली यावर. समोरच्याचा आक्षेप आधी पूर्ण ताकदीने मांडायचा आणि मगच आपले म्हणणे सांगायचे, ही पूर्वपक्षाची शिस्त आपलीच आहे. ज्या अमळनेरात प्रतापशेठजींच्या आश्रयाने १९१६ साली तत्त्वज्ञानाची संस्था उभी राहिली आणि साने गुरुजीही जिथे अध्ययनासाठी आले, त्या मुलखात या वयाच्या मुलांना ही शिस्त जड जाईल असे म्हणणे मला तरी विचित्र वाटते.

इंग्लंडमध्ये याच वयाची मुले ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीच्या पातळीच्या परीक्षेला, धर्माचे तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र शिकतात. तिथल्या ओसीआर या परीक्षा मंडळाच्या ४० गुणांच्या निबंधात १६ गुण माहितीला आणि २४ गुण चिकित्सेला असतात. तिथले सगळेच उत्तम आहे असे नाही, चिकित्सेचेही साचे पाठ करणारी मुले तिथेही असणारच. पण निदान गुण कशाला द्यायचे हे तरी त्यांनी ठरवले आहे. आमच्याकडे मुले हा विषय घेतात तो बहुधा "सोपा जातो" म्हणून, आणि सोपा जातो कारण मुद्दे पाठ केले की भागते.

त्या मुलीने परीक्षेत पावसाचा दृष्टान्त नीट लिहिला, स्वतःचा आक्षेप मात्र लिहिला नाही. "तो लिहू नकोस, तपासणाऱ्याला विषयांतर वाटेल," असे परीक्षेच्या आदल्या दिवशी मीच तिला सांगितले होते.