गिल्बर्ट हिल ‘जगातल्या तिघांपैकी एक’ नाही

अंधेरी पश्चिमेच्या गिल्बर्ट हिलचा फोटो आणि त्याखालचा हा मजकूर बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल: ‘असे दगडी खांबांचे डोंगर जगात फक्त तीन. अमेरिकेतले डेव्हिल्स टॉवर आणि डेव्हिल्स पोस्टपाइल, आणि तिसरा आपल्या मुंबईत. ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर संपले तेव्हा, ज्वालामुखीच्या तोंडात लाव्हा थिजून तो तयार झाला.’ गावदेवीच्या देवळाखालच्या या कातळाचा अभिमान मलाही आहे. म्हणूनच त्याच्या नावावर खोटी माहिती फिरलेली पाहवत नाही.

आधी ‘फक्त तीन’. उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेवर असे सुमारे ४०,००० खांब आहेत. कर्नाटकात उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवर आहेत, आणि आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा तालुक्यातल्या बांदिवड्याला आहेत. तापलेला खडक निवताना आकसतो आणि आटलेल्या तळ्यातल्या गाळासारखा तडकतो. त्या भेगा आत आत सरकत गेल्या की खांब सुटे होतात. हे जगभर, हजारो ठिकाणी घडले आहे. खांब सगळे षटकोनीच असतात असा समज आहे, तोही खरा नाही. पाच आणि सात बाजूंचेही भरपूर सापडतात.

आता ही ‘तीन भावंडे’. वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर फोनोलाइट नावाच्या खडकाचा आहे, गिल्बर्ट हिलसारखा बेसाल्टचा, म्हणजे काळ्या लाव्हा-खडकाचा, नव्हे. ब्लॅक हिल्सच्या त्या भागात सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, वर चढला; शेजारचे मिझुरी बट्स हे डोंगर त्याच खडकाचे. टॉवरचा शिलारस जमिनीखालीच थिजला की वर फुटला, यावर भूवैज्ञानिक अजून वाद घालतात. कॅलिफोर्नियातले डेव्हिल्स पोस्टपाइल याहून अगदी निराळे: दरीत साचून राहिलेला जाड लाव्हा, वय जेमतेम १ लाख वर्षांच्या आत. नंतर हिमनदीने त्याचा माथा घासून इतका गुळगुळीत केला की वरून खांबांची टोके फरशीसारखी दिसतात. खडक वेगळा, वय वेगळे, घडण वेगळी. साम्य आहे ते खांबांचे, आणि ते तर जगभर सापडतात.

‘ज्वालामुखीचे तोंड’ हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण खरी गोष्ट इथेच दडली आहे. खांब नेहमी निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात वाढतात. शिलारस उभ्या भेगेत घुसून थिजला तर त्याला डाइक म्हणतात, आणि त्यातले खांब आडवे पडलेले दिसतात. धुळे-नंदुरबार परिसरात अशा डाइकच्या रांगाच आहेत: १ किलोमीटरहून लांब असलेल्याच २१० मोजल्या गेल्या, सर्वांत लांब ७९ किलोमीटर. शिलारस थरांमध्ये आडवा पसरला तर तो सिल, आणि त्यातले खांब उभे. जमिनीवर साचलेल्या जाड लाव्ह्यातही खांब उभेच. म्हणजे गिल्बर्ट हिलचे उभे खांब पाहून ‘हे तोंडच’ असे म्हणता येत नाही. ते ठरवायचे तर कातळ भोवतालच्या खडकाला जिथे भिडतो त्या कडा पाहाव्या लागतात, आणि टेकडीच्या बाजू तर खाणकामाने केव्हाच खाल्ल्या. एवढा मोठा पुरावा आपण खडीसाठी फोडला, याचे मला खरोखर वाईट वाटते.

महाराष्ट्राचा बराचसा भाग व्यापणारा दख्खनचा लाव्हा मुळात एखाद्या शंकूच्या तोंडातून नव्हे, तर मुख्यतः लांबलचक भेगांतून वर आला, हेही ‘तोंड’ शोधणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

राहिले वय. गिल्बर्ट हिलच्या बेसाल्टचे खडकात साठलेला आर्गॉन वायू मोजून वय काढलेले आहे आणि ते २००१ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात छापून आले: ६.०५ कोटी वर्षे, १२ लाख वर्षे इकडे किंवा तिकडे. डायनासोर त्याआधी सुमारे ५० लाख वर्षे संपले होते. दख्खनचे मोठे उद्रेकही तोवर थांबले होते. मुंबईतल्याच मनोरीच्या ट्रॅकाइट नावाच्या ज्वालामुखी खडकाचे वयही जवळपास एवढेच निघते. सह्याद्रीचे लाव्ह्याचे थर कधीच निवून गेले होते, तेव्हाही मुंबईच्या जमिनीखालून शिलारस वर येत होता. फॉरवर्ड करायचेच असेल तर हे करा.