सूचना पाठवा, फक्त 'स्पर्धा भरवा' सोडून

सातारा-सांगलीतल्या गावांत खेळाची मोहीम उभी करायची, तर सुरुवात कशाने करावी? तुमच्या सूचना हव्या आहेत. 'स्पर्धा भरवा' एवढं मात्र सुचवू नका. बक्षिसं, फ्लेक्स आणि मंडपात वर्गणी संपते, दुसऱ्या दिवशी मैदानावर चिटपाखरू नसतं.

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्य मिळवलं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) अंतिम फेरी धावली. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवलं. त्यामुळे गुण शोधत हिंडायची गरज नाही. कमी आहे तो रोजचा एक तास आणि तो नेमाने चालवणारा माणूस.

म्हणून सूचनेत गाव, जागा, वेळ आणि किल्ली कोणाकडे राहणार, हे लिहाच. शाळेचं मैदान असेल तर शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी, गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव. तोंडी होकार सरपंच बदलला की संपतो.

खर्चही मोजून लिहा. समजा लांब उडीचा खड्डा सुचवताय: ७ मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद, फूटभर खोल. म्हणजे दोन ब्रासपेक्षा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडी जास्त वाळू आणि समोर निदान ३० मीटर धावपट्टी. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, स्वस्त पडते म्हणून टाकू नका. ती पाण्याने घट्ट बसते आणि गुडघे दणकतात. धुतलेली, गोल कणांची वाळू घ्या, रोज फावड्याने उकरून धावपट्टीच्या पातळीत आणा. पातळी खाली गेली की उडीचं मापही खोटं लांब येतं. कडेला विटा उभ्या लावू नका. टेकऑफची फळी जमिनीबरोबर बसवा, बोटभर वर राहिली तरी पाय मुरगळतो. आखणीला कळीचा चुना नको, डोळ्यात गेला तर इजा होते. खडूची पूड पुरते.

पाऊस विसरू नका. माण, आटपाडी, जतला मैदान बहुतेक वर्षभर मिळतं. पाटण, जावळीत जून ते सप्टेंबर ते चिखलात असतं. तिथे समाजमंदिरात दोरीउड्या, सूर्यनमस्कार असं काही हवं, नाहीतर चार महिन्यांत मुलांची सवय मोडते.

आम्हाला सर्वात जास्त काळजी मुलींची आहे. आठवी-नववीत त्या मैदानावरून गळतात, आणि कारण बहुतेक वेळा आवड नसणं हे नसतंच. संध्याकाळचा सराव संपेपर्यंत वस्तीकडची एसटी गेलेली असते, शाळेच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं. सराव शाळेच्या वेळेतच बसवता येईल का, यावर खास लिहा. ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांवर, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपड्यांवर, येणाऱ्या मुलांसाठीही काही सुचवा. ती पाचेक महिनेच असतात, म्हणून त्यांना कोणी संघात धरतच नाही.

तुमच्या गावात एखादा उपक्रम सुरू होऊन बंद पडला असेल, तर तोही कळवा. कितव्या महिन्यात मुलं कमी झाली आणि कशामुळे, एवढं लिहिलंत तरी चालेल.