निळी पाटी आणि बाबांची हरकत

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

सकाळी पाहुण्यांना घेऊन इथे अमेरिकेत, पेन्सिल्वेनियातल्या न्यू होपला निघालो होतो. राइट्सटाउनजवळ रस्त्याच्या कडेची, इतिहास सांगणारी ती निळी पाटी आली, म्हणून मी गाडी हळू केली. मागच्या सीटवरून लगेच आवाज आला, "अगं चल गं पुढे. अडीचशे वर्षांचा देश, त्याला कसला आलाय इतिहास! आमच्या वाड्यातली विहीर याहून जुनी आहे." सगळे हसले. मी थांबले नाही. थांबायला हवं होतं.

कारण याच पाटीपाशी बाबा पाऊण तास उभे होते. 2012 ची गोष्ट. बाबा भूकरमापक. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात शेतांच्या हद्दी दाखवण्यात गेली. इंग्रजी वाचायला त्यांना वेळ लागायचा. हवेत बोट फिरवत एकेक सोनेरी शब्द वाचत होते, मी गाडीपाशी घड्याळ बघत होते. मग वळून म्हणाले, "चालून मोजणी? कुणाच्या पायांनी?"

ती पाटी 'वॉकिंग पर्चेस'ची, म्हणजे चालून मोजलेल्या जमीनखरेदीची आहे. ही वसाहत स्थापन करणाऱ्या विल्यम पेनच्या मुलांनी 1686 चा म्हणून एक कागद पुढे केला. त्यात काय, तर इथल्या मूळ रहिवासी लेनापी लोकांनी दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन देऊ केलीय. लेनापींना वाटलं, माणूस चालतो तसा चालेल, दमला की बसेल, जेवेल, चिलीम ओढेल. पेन मंडळींनी आधीच झाडी तोडून वाट करून ठेवली आणि बक्षिसाचं आमिष दाखवून तीन तगडे गडी आणले. 19 सप्टेंबर 1737 ला पहाटे ते सुटले. एक पहिल्याच दिवशी गळला, दुसरा दुसऱ्या दिवशी कोसळला, एडवर्ड मार्शल तेवढा दुपारपर्यंत टिकला. साधारण 65 मैल! बरोबर आलेले लेनापी 'हे चालणं नाही, पळणं आहे' म्हणत मधूनच निघून गेले होते.

एवढ्यावर भागलं नाही. तिथून नदीकडे सरळ रेघ ओढायची, तर ती काटकोनात वळवली, म्हणजे ती डेलावेअर नदीला पार वर जाऊन मिळाली. बाराशे चौरस मैल गिळले. घरी येऊन मी बाबांना नकाशावर दाखवलं, तेव्हा ते किती तरी वेळ बोलले नाहीत. चहा गार झाला. मग म्हणाले, "समोरचा माणूस उठून गेला, तरी हे मोजतच राहिले? ही मोजणी नाही पोरी, ही चोरी आहे."

आणि पाटीवर ते आहे! पेन्सिल्वेनिया राज्याने लावलेली पाटी, पेन घराण्याच्या नावाने ओळखलं जाणारं राज्य, आणि तीच पाटी त्या कागदाला 'तथाकथित' म्हणते, माणसं मुद्दाम निवडून आणली होती म्हणते, विल्यमचा मुलगा थॉमस पेन याने मूळ रहिवाशांबद्दलचं बापाचं धोरण उलटवलं आणि मैत्री घालवली म्हणते. अशा अडीच हजारांहून जास्त निळ्या पाट्या या राज्यात आहेत, 1946 पासून लावतायत. आपल्या थोर घराण्याने कुणाची जमीन कशी लाटली हे सांगणारी एक सरकारी पाटी मला आपल्याकडच्या रस्त्यावर दाखवा. दाखवाच. आपली विहीर जुनी आहे, कबूल. तिच्यावर कुणाला पाणी भरू देत नव्हते, हे लिहिलंय का कुठे?

हो, इथल्याही सगळ्या पाट्या खऱ्या बोलत नाहीत. न्यूयॉर्क राज्यात अमेरिकी सेनापती सुलिव्हनच्या, तिथल्या मूळ रहिवासी इरोक्वॉय लोकांवरच्या 1779 च्या स्वारीचे दगड आहेत, 1929 साली बसवलेले. ज्यांची चाळीसेक गावं आणि उभं पीक जाळलं, त्यांनाच त्यावर वैरी म्हटलंय. आणि आमच्या या पाटीवरही लेनापी पुढे कुठे गेले ते नाही. पश्चिमेकडे ढकलत ढकलत त्यातले कितीतरी ओक्लाहोमात पोचले. त्यांच्या वंशजांनी 2004 साली दावा लावला, तर कोर्टाचं म्हणणं, फसवणूक झाली असं धरलं तरी तुमचा हक्क 1737 लाच संपला. संपला म्हणे.

जरा शांत झालेय आता. पाहुण्यांवर तरी किती रागवायचं! मीही तेव्हा घड्याळच बघत होते ना. "बाबा, चला हो, उशीर होतोय," असं तीनदा म्हटलं होतं मी त्यांना. ते हो-हो म्हणाले आणि निघताना पाटीपासून गाडीपर्यंतची पावलं मोजत आले. सवयच ती.

2019 ला बाबा गेले. त्यांची त्या वेळची वही आत्ता काढून बसलेय. उद्या चहाच्या वेळी हेच पान पाहुण्यांसमोर ठेवणार आहे. पेन्सिलने काढलेली नदी आहे, राइट्सटाउनपासून वर गेलेली रेघ आहे, आणि रेघ जिथे वळवली त्या कोपऱ्यावर फुली मारून बाबांनी त्यांच्या त्या कचेरीतल्या अक्षरात लिहिलंय: हरकतदार, लेनापी. हरकत नोंदवली.