आजीचे गुडघे आणि गंगेचं पाणी

वाडा रिनोव्हेट करून चार पिढ्यांनी एकत्रच राहायचं ठरलं तेव्हा सगळ्यांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं, आजीला जिना चढवायचा नाही. आमचा जिना भिंतीच्या पोटातला, अंधारा, उभाच्या उभा, दोरी धरून चढायचा. म्हणून आजी, आई, बाबा खाली आणि आम्ही पोराबाळांसकट वर, झालं फायनल. तेवढ्यात काका म्हणाला, आणि पूर आला की?

वाडा नाशिकला गोदाकाठी, सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला, आणि गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं, पाणी, कमरेला लागलं का, छातीला लागलं का, आम्ही आमच्या भिंतीकडे बघतो. १९६९ च्या पुराची खूण आजोबांनी खिळ्याने कोरून ठेवलीय आणि त्याखाली २००८, २०१६, २०१९, पोरांची उंची मोजल्यासारख्या रेघा. थोडक्यात, गुडघेवाल्यांना खालचा मजला हवा आणि गंगेलाही तोच हवा.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला टेन्शन नका घेऊ, सिमेंट प्लास्टर, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर टाइल्स, एकदम पॅक. म्हातारे गवंडीबाबा म्हणाले, पॅक केली की भिंत मेली. दोन-अडीच फुटांची विटा-चुन्याची भिंत, ती पाणी पिते आणि मग सावकाश सुकत बसते, वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, भिंतीतलं मीठ वर येऊन लोणा फुटतो आणि प्लास्टरचे पापुद्रे निघतात. शेजारच्या वाड्यात जाऊन बघितलं, पापुद्रे हजर होते. मग चुनाच ठरला. चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालतात हे कळल्यावर आजी जी पेटली ती गूळ कोल्हापुरीच पाहिजे म्हणून अडून बसली, भिंतीसाठी हां.

इलेक्ट्रिशियनने भिंतीवरच्या खुणा बघितल्या आणि खालच्या मजल्यावरचे सगळे बोर्ड १९६९ च्या वर नेले. सेफ्टी एकदम झकास, फक्त आता आजीला पंखा लावायचा तर काठी लागते, आणि काठीने नेम धरताना ती पंखा सोडून घरातले सगळे दिवे लावते.

खालच्या कमोडची गोष्ट वेगळीच. पूर आला की पाणी दारातून नंतर येतं, आधी ड्रेनेजच्या चेंबरमधून उलटं वर येतं, म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवला. बाबांना त्या व्हॉल्वचं इतकं कौतुक की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी चेंबरचं झाकण उघडून दाखवतात, नंतर चहा कुणी फारसा घेत नाही.

वरच्या मजल्याचं काही विशेष नाही, सागवानी तुळया ठणठणीत, वायफाय एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात नाही, पोरं उंबऱ्यात बसून अभ्यास करतात म्हणे.

मग बायकोने आयडिया काढली, वाड्याच्या मधल्या चौकात छोटी लिफ्ट. लिफ्टवाला आला, टेप लावली, हिशेब केला आणि म्हणाला, खाली खड्डा घ्यावा लागेल. खड्डा म्हटल्यावर सगळे भिंतीवरच्या रेघांकडे बघायला लागले, त्यानेही बघितलं आणि कोटेशन न देताच गेला.

शेवटी असं ठरलंय की आजी खालीच, आणि धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की दोन नातवांनी तिला खुर्चीसकट वर न्यायचं. आजी तयार आहे पण तिला हातांची खुर्ची पाहिजे, आणि हातांची खुर्ची जिन्यात मावत नाही. गवंडीबाबांना विचारलं जिना थोडा रुंद होईल का, ते म्हणाले होईल की, आधी भिंत पाडावी लागेल. तीच, रेघांची.